मादाम झेलीचा खादाड बंब

मादाम झेलीच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, भाडेकरू म्हणून एलुआने इतकी वर्षं काढली होती की गावात नवीन आलेल्या पाद्रीबाबांना तो तिचा धाकटा भाऊच वाटला होता. तरीही ही बाई कशी होती, असं कोणी त्याला विचारलं असतं, तर त्याने टोपी हातात दोन-चारदा फिरवली असती आणि मग हवापाण्याचा विषय काढला असता. त्याला तिच्याबद्दल ठाऊक होतं ते फार थोडं. ती गाडी कधी मागे घेत नसे. कुठंही गेली तरी परत निघताना सरळ पुढं जाता येईल अशीच लावायची, मग त्यासाठी चर्चला वळसा घालावा लागला तरी चालेल. कॉफीत साखर घालायची नाही, पण साखरेचा खडा दाताखाली धरून कॉफी प्यायची. नवरा दोना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचे रबरी बूट मागच्या दाराशी तसेच उभे होते. आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ती थांबायची, संपल्यावरही थोडी थांबायची, त्यामुळे बोलणाऱ्याला वाटायचं आपलं काहीतरी चुकलं.

बस, एवढंच. तिच्या मनात काय चालतं हे विचारायची एलुआची छाती नव्हती, आणि आपण होऊन सांगायचा तिचा स्वभाव नव्हता. एका उन्हाळ्यात मात्र, तेलाच्या निमित्ताने, ती त्याला जराशी दिसली. वाऱ्याने पडदा उडावा आणि आतलं टेबल क्षणभर दिसावं, तेवढीच.

घर नदीच्या काठावर होतं, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या बाजूला. पलीकडच्या काठावर कॅनडा, आणि बरोबर समोर झेलीची थोरली बहीण अल्फेना हिचं घर. दोघी बहिणी पलीकडच्याच, सें-बाझिलच्या. दोघींनी दोन सख्ख्या भावांशी लग्नं केली. थोरली लेओनिदशी लग्न करून पलीकडेच राहिली, धाकटी दोनाबरोबर पूल ओलांडून अलीकडे आली. भावांनी घरं बांधली ती एकाच सुताराकडून, एकाच नकाशावरून. जिना डाव्या हाताला, स्वयंपाकघर नदीकडे, तळघर तेवढंच खोल. तळघरातले बंबसुद्धा एकाच कारखान्याचे, एकाच वर्षी बसवलेले. बंब म्हणजे धडधडणारं लोखंडी धूड. तोंडाशी तेलाचा बर्नर, शेजारी तेलाची टाकी. हिवाळ्यात त्याने घर तापवायचं आणि बारा महिने नळाला गरम पाणी पुरवायचं.

दोन्ही घरांत फरक एकच होता, घड्याळाचा. पलीकडचं घड्याळ एक तास पुढं. पण नदीकाठी वाढलेल्या माणसाला त्याचा काय त्रास? ‘दोन वाजता ये, माझ्या दोनला,’ असं म्हटलं की काम झालं. त्या तासाची चूक कधी कोणी केली नाही.

त्या वर्षी तेलाचे भाव असे चढले की चर्चच्या पायऱ्यांवर लोक बटाट्यांचं बोलायचं सोडून तेलाचं बोलू लागले. जूनमध्ये, घर तापवणं पुरतं थांबल्यावर, दोघी बहिणींनी आपापल्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या होत्या. ऑगस्टच्या मध्याला, मारियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, तेलवाले दोन्हीकडे पुन्हा येऊन गेले. मधल्या दिवसांत घर तापवलेलं नाही. म्हणजे टाकीत जेवढं नवं तेल मावलं, तेवढं निव्वळ गरम पाण्यापायी जळालं, हा हिशेब लहान पोरालाही कळावा असा होता.

सणाच्या दिवशी अल्फेना आणि लेओनिद जेवायला आले. झेलीने प्लोय केले होते. बकव्हीटच्या पिठाची ती पिवळी, जाळीदार धिरडी टॉवेलखाली थप्पी करून ठेवली होती. लोणी, काकवी, डुकराच्या खिम्याचा वाडगा, सगळं टेबलावर होतं. एलुआ आपला कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता.

“काय गं झेली,” अल्फेनाने धिरड्याची सुरळी करता करता विचारलं, “तुझ्या टाकीत किती गेलं?”

“त्र्याहत्तर.”

“त्र्याहत्तर काय? गॅलन?”

“नाही, बादल्या! गॅलनच की.”

अल्फेनाने सुरळी खाली ठेवली. “आमच्यात एकसष्ट. विचार याला.”

“एकसष्ट,” लेओनिद तोंडात घास असताना म्हणाला. तो बायकोच्या प्रत्येक वाक्याला शिक्का मारायचाच.

“तुम्ही दोन माणसं, आम्ही दोन माणसं. घर तेच, बंब तोच. मग वरचं बारा गॅलन गेलं कुठं गं? नदीला आंघोळ घालतेस की काय? मी माझ्या खिडकीतून बघते ना रोज. भर उन्हाळ्यात तुझं धुराडं असं फुंकतंय, जसा काही आगबोटीचा कप्तान राहतो घरात!”

सगळे हसले. एलुआही हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की अल्फेना त्याच्या केसांकडे बघते आहे. केस ओले होते.

एलुआला रोज आंघोळ लागायची. जन्मभर बटाट्याच्या कोठारात, जमिनीखालच्या गारठ्यात उभं राहून बटाटे निवडून त्याचे गुडघे गंजले होते. संध्याकाळी टबात गरम पाण्यात बसलं की ते जरा सुटायचे. गावातली त्याच्या वयाची माणसं अजून शनिवारच्या शनिवार आंघोळ करायची. रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा, “पाणी घेऊ का, मादाम?” आणि ती मागं न बघता म्हणायची, “घ्या की.” इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

“माणसाने स्वच्छ राहावं,” अल्फेना म्हणाली, “पण कातडी निघेपर्यंत नाही.”

 झेलीने टॉवेल उचलून पाहिलं, अजून किती धिरडी उरलीत ते.

दोन दिवसांनी तिने ओनियासला बोलावलं. ओनियास बर्नर दुरुस्त करायचा आणि त्याहून जास्त बोलायचा. तळघरात उतरताना त्याने एलुआला दिवा धरायला बरोबर नेलं. बर्नर उघडला, तेल फवारणारी तोटी बदलली, धुराड्याच्या नळीत हात घालून काजळी काढली आणि ती झेलीच्या डोळ्यांपुढं नाचवली.

“बघा, एवढीशीच! हिच्यात माझ्या बायकोची एक भुवई रंगायची नाही. ज्योत सरळ, धूर नाही. बंब ठणठणीत आहे, मादाम.”

“मग जास्त का खातो?”

“कशापेक्षा जास्त?”

“माझ्या बहिणीच्या बंबापेक्षा.”

ओनियासने कान खाजवला. “त्याचं मी काय सांगू? पलीकडच्या बंबाला मी कधी हात लावलेला नाही. तिकडे माझा परवाना चालत नाही. पण एक ध्यानात घ्या. ह्या जातीच्या बंबात गरम पाणी साठवून ठेवलेलं नसतं. तुम्ही नळ सोडला की पाणी त्याच्या पोटातल्या वेटोळ्यातून धावतं आणि धावता धावता तापतं. म्हणजे पोट सदा गरम पाहिजे. कोणी नळ सोडो न सोडो, हा आपला पेटतो, विझतो, पेटतो, विझतो. अर्धं तेल नुसतं वाट बघण्यात जाळतो. म्हाताऱ्या आत्याबाईसारखा.”

“म्हणजे आंघोळीने फरक पडत नाही?”

“पडतो की. पण किती, ते देवाला ठाऊक. शनिवारच्या शनिवार टाकीचं बूच काढून आत काठी बुडवून बघा, आठवड्याला किती उतरतं ते कळेल.” मग एलुआकडे बघून त्याने डोळा मारला. “आणि तुम्ही जरा भराभरा घासत जा.”

विनोद साधाच होता. पण एलुआ त्या रात्री नीट जेवला नाही.

पुढच्या रविवारी अल्फेना पुन्हा आली. एलुआ जिन्यावर होता, खाली उतरावं की नको या विचारात. बहिणींचं बोलणं स्वयंपाकघरातून येत होतं.

“ओनियास म्हणतो ना, बंब चांगला आहे? मग झालं तर. बंब चांगला, म्हणजे माणूस उधळ्या. बटाट्यांचा हंगाम उरकला की त्याला सांग, बाबा, दुसरीकडे बघ. वरचा मजला बंद कर, तिथले नळ बंद कर, हिवाळ्यात खालच्या दोन खोल्या तापव. त्याचा पुतण्या आहे की कनेक्टिकटला.”

एलुआने कठडा धरला. झेली काय म्हणते ते ऐकायला त्याने श्वास रोखला. पण नेमकं त्याच वेळी भांड्याचं झाकण खाली पडलं आणि गरगरत राहिलं, आणि ते थांबलं तेव्हा बोलणं नदीवरच्या धुक्यावर गेलं होतं.

कनेक्टिकटला पुतण्या होता हे खरं. विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात कामाला होता, नदीकाठी सगळे बोलतात ते फ्रेंच त्याच्या मुलांना येत नव्हतं. एलुआ एकदा तिकडे गेला होता. बोलावं असं कोणी नव्हतं आणि बघावं असं काही नव्हतं. इथं निदान खिडकीत नदी होती. आणि खाली स्वयंपाकघरात कोणीतरी चालतंय, एवढा आवाज होता.

त्या दिवसापासून त्याने गरम पाणी घेणं सोडलं. सांगितलं मात्र नाही. संध्याकाळी दारात उभं राहून “पाणी घेऊ का, मादाम?” असं तो विचारायचाच, कारण विचारलं नसतं तर तिने कारण विचारलं असतं. ती म्हणायची, “घ्या की.” मग तो वर जायचा, न्हाणीघराचं दार लावायचा आणि गार पाण्यात फडकं भिजवून अंग पुसायचा. पाणी असं बर्फासारखं की तोंडातून शिवी यायची, ती तो टॉवेलात तोंड खुपसून द्यायचा. सकाळी जिना उतरताना गुडघे करकरायचे. तो पायऱ्या उलटा उतरायला लागला, शिडीवरून उतरावं तसा.

शनिवारी झेली दुकानात गेली की तो तळघरात जायचा. बूच काढायचा, झाडूचा दांडा उलटा करून टाकीत बुडवायचा, वर काढून दिव्याशी धरायचा. तेलाची ओली रेघ जिथं थांबली तिथं नख रुतवायचा. मनात धरलेलं असायचं, की आता रेघ वर राहील, आता सिद्ध होईल की... पण मग तो तिथंच अडकायचा. काय सिद्ध होईल? रेघ वर राहिली, म्हणजे तेल कमी उतरलं, तर दोष त्याच्या आंघोळीचाच ठरला. रेघ नेहमीइतकीच खाली गेली, तर तो सुटला खरा, पण मग ते सांगायचं कोणी? ‘मादाम, मी तीन आठवडे आंघोळ केलेली नाही, आणि तुमच्या टाकीत चोरून झाडू बुडवतो आहे,’ हे वाक्य त्याच्याकडून या जन्मी बोलून झालं नसतं.

रेघ नेहमीइतकीच खाली गेली. केसभर वर असेल तर असेल. बंब आपला पेटत होता, विझत होता. एलुआला त्याचा रागही येईना. दोघं सारखेच होते, कोणी विचारो न विचारो, आपापल्या जागी बसून वाट बघणारे.

सप्टेंबरात पहिलं दव गोठलं. एका रात्रीत बागेतली टोमॅटोची पानं काळी पडली. आता वेलीवरचे हिरवे टोमॅटो उतरवायचे आणि त्यांचं लोणचं घालायचं. दोघी बहिणींत हे लोणचं म्हणजे जुनं दुखणं. कृती आईची, शब्दाला शब्द तीच. बादलीभर हिरवे टोमॅटो, कांदे, मीठ, लवंगा, एक गॅलन व्हिनेगर. अल्फेनाचं लोणचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. झेलीच्या बरण्यांवर वसंत आला की पांढरी बुरशी धरायची. ती तऱ्हेतऱ्हेने करून थकली होती. कांदे कमी केले, मीठ वाढवलं, बरण्या उकळल्या. अल्फेना दरवर्षी एकच वाक्य म्हणायची, “तुझ्या हातालाच गुण नाही गं, आई म्हणायचीच.” आई असं कधी म्हणाली नव्हती, पण आता ती नाकारायला नव्हती.

या वर्षी अल्फेना जय्यत तयारीने आली, पलीकडच्या दुकानातून व्हिनेगरचा आख्खा गॅलनचा कॅन घेऊन. पुलावरच्या अधिकाऱ्याने काय आहे म्हणून विचारलं तेव्हा तिने म्हणे सांगितलं होतं, “बहिणीला शहाणपण नेतेय.”

“आज माझ्यासमोर कर,” ती बाह्या सरसावत म्हणाली. “कुठं चुकतेस ते बघतेच मी. लेओनिद, तू बस तिथं, मधे मधे येऊ नकोस.”

“बसतो,” लेओनिद म्हणाला.

झेलीची पद्धत अशी, की तिच्या काचेच्या मोठ्या बाटलीत आधी लवंगा आणि दालचिनी घालायची, वर व्हिनेगर ओतायचं आणि मुरू द्यायचं. ती बाटली गॅलनची होती. पूर्वी सफरचंदाच्या रसाची होती, गळ्यापाशी तसं उठावात लिहिलेलंच होतं. झेलीचे हात मिठात होते.

“एलुआ, तेवढं व्हिनेगर बाटलीत ओता हो.”

एलुआने कॅन उचलला. अल्फेना टक लावून बघत होती. तो जपून, धार बारीक ठेवून ओतू लागला. बाटली भरत आली. खांद्यापर्यंत आली, गळ्याशी आली. त्याने कॅन हलवून पाहिला. आत अजून चांगलंच डुचमळत होतं. त्याला वाटलं, आपण आधीच बाटलीत काही होतं ते पाहिलं नसावं. त्याने आणखी थोडं ओतलं. व्हिनेगर काठावरून उतू गेलं, टेबलावरून धावत लेओनिदच्या मांडीवर ठिबकू लागलं.

“अरे, अरे, माझी रविवारची विजार!”

“घ्या!” अल्फेना ओरडली. “पाणी ओतून ओतून सवय झाली ना, आता व्हिनेगरही सांडा!”

“माफ करा... माझंच चुकलं... मला वाटलं...” एलुआ बाहीने टेबल पुसायला लागला. “बाटलीत मावत नाही, मादाम. गॅलनची आहे म्हणून मी... मी बहुतेक...”

“त्यात काय मावायचं नाही?” अल्फेना म्हणाली. “गॅलनचा कॅन, गॅलनची बाटली. देवाने दोन डोळे दिलेत—”

“थांब,” झेली म्हणाली.

तिने हात पुसले. कॅन एलुआच्या हातातून घेतला, कानाशी धरून हलवला. बाटलीकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. मग नेहमीसारखी थांबली, आणि या वेळी इतकी थांबली की लेओनिदनेही विजार पुसायची सोडली.

“अल्फेना,” ती म्हणाली, “तुमच्याकडे तेल कोणत्या गॅलनने घालतात गं?”

“कोणत्या म्हणजे? गॅलन म्हणजे गॅलन.”

“हा गॅलन?” तिने कॅनवर बोट वाजवलं. “का हा?” बाटलीवर वाजवलं.

 मग लेओनिदने हळूच, जणू चर्चमध्ये बोलावं तसं, म्हटलं, “आमचा मोठा असतो की. पेट्रोल भरताना बघतो ना आपण. तुमचे सहा, आमचे पाच.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस रे?” अल्फेनाने विचारलं.

“पेट्रोलचं विचारलं असतंत तर सांगितलं असतं,” लेओनिद म्हणाला. “तुम्ही तेलाचं बोलत होता.”

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. नदीच्या दोन्ही काठांवर एकही माणूस नव्हता ज्याला ते ठाऊक नव्हतं. पण ते पेट्रोलपंपावर ठाऊक होतं, पुलाच्या त्या टोकाला, गाडीत बसल्यावर. स्वयंपाकघरात, बहिणीसमोर, एकाच आईच्या भाषेत ‘गॅलन’ म्हटल्यावर तो शब्दही एकाच आईचा वाटायचा. घड्याळ कोणी विसरलं नव्हतं. गॅलन सगळे विसरले होते.

झेलीने पिठाच्या डब्यावरची पेन्सिल घेतली आणि टेबलाच्या लाकडावरच आकडे मांडले. लेओनिदचं एकसष्ट, त्याचे पाच भाग केले, एक भाग वर मिळवला. खाली आलं ते पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

“त्र्याहत्तर,” ती म्हणाली.

“त्र्याहत्तर?” अल्फेनाचा चेहरा असा झाला, जणू तिच्याच घरात कोणी चोरून आंघोळ करत होतं. “म्हणजे आम्हीही... लेओनिद! तू रोज किती पाणी घेतोस?”

“मी शनिवारीच घेतो,” लेओनिद घाईने म्हणाला.

“मग एवढं तेल जातं कुठं?”

“वाट बघण्यात,” झेली म्हणाली. “ओनियासने सांगितलं होतं. मीच नीट ऐकलं नाही.” आणि मग, एलुआने तिला कधीच पाहिलं नव्हतं तशी ती हसली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते मिठाच्या हाताने पुसलं, त्यामुळे ते आणखी आलं. “अगं, आई पलीकडची ना! आईची कृती पलीकडची! आईचा गॅलन पलीकडचा! इतकी वर्षं मी व्हिनेगर कमी घालत आले, आणि तू म्हणतेस माझ्या हाताला गुण नाही!”

तेलाच्या आकड्यापेक्षा तिला लोणच्याचाच आनंद झाला होता, हे उघड दिसत होतं.

अल्फेनाने ओठ आवळले. पण ती मूळची कोत्या मनाची नव्हती, फक्त मोठ्या आवाजाची होती. थोड्या वेळाने तिलाही हसू आलं. “बरं बाई, गुण आहे. आईलाही सांगते, प्रार्थनेत.” मग एलुआकडे वळून ती म्हणाली, “आणि तुमच्यावरही मी उगाच चढले. हिला केव्हाच म्हटलं होतं, ह्यांना काढ. तर म्हणते कशी, माणूस राहू दे, बंब काढून नवा बसवते. मी म्हटलं, वेडी आहेस का? बंब काढायला पैसे पडतात, माणूस फुकट निघतो!”

एलुआ फडकं पिळत होता. ते पिळता पिळता त्याचे हात थांबले. म्हणजे झाकण पडलं तेव्हा ती हे म्हणाली होती. छातीवर इतके दिवस बटाट्याचं पोतं ठेवलेलं असावं आणि कोणीतरी ते सहज, बोलता बोलता उचलून बाजूला ठेवावं, तसं त्याला झालं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्याने फडकं पुन्हा पिळलं. त्यात आता काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी पाहुणे गेले. बरण्या ओळीने उभ्या होत्या, घरभर लवंगांचा वास होता. एलुआ जिन्याशी घुटमळत होता.

“एलुआ,” झेली भांडी विसळत म्हणाली, “मारियामातेच्या सणानंतरच्या त्या रविवारपासून तुमचा टॉवेल एकदाही धड ओला झालेला नाही. दोरीवर सुक्या माशासारखा कडक होऊन बसलाय.”

एलुआच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मला वाटलं...”

“आणि हा झाडू,” तिने कोपऱ्याकडे हनुवटी केली. “दर रविवारी चर्चला जायच्या आधी मी केर काढते आणि घरभर तेलाचा वास सुटतो. तळघरातून आणल्यावर निदान पुसायचा तरी.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मीही बुडवून बघत होते. बुधवारी, तुम्ही पोस्टात जाता तेव्हा. मी त्यासाठी वेगळी काठी ठेवलेय, झाडू नाही घेत.” ती थांबली, नेहमीसारखी. “तुम्ही पाणी बंद केलंत तरी तेल तेवढंच उतरत होतं. तेव्हाच मला कळलं, तुमचं नाही हे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोललात?”

  खाली तळघरात बंब धडधडला, पेटला, आणि थोड्या वेळाने विझला. त्या दोघांच्या मधलं बोलणं इतकं लांब पूर्वी कधी गेलं नव्हतं, आणि पुढंही फारसं गेलं नाही.

“पाणी घेऊ का, मादाम?” शेवटी तो म्हणाला.

“घ्या की,” ती म्हणाली. “ते तापलेलंच असतं. वाया कशाला घालवायचं?”

त्या रात्री तो टबात इतका वेळ बसला की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. गुडघे सुटले. खिडकीबाहेर, नदीच्या पलीकडे, अल्फेनाच्या घराच्या धुराड्यातून वाफ निघत होती. ती पाहून त्याला फार बरं वाटलं.

झेलीच्या त्या वर्षीच्या बरण्यांवर बुरशी धरली नाही. त्यानंतर कधीच धरली नाही. पुढं काही वर्षांनी पलीकडच्यांनी गॅलन सोडून दिले आणि तेल लिटरने मोजायला लागले. मग दोघी बहिणींना तेलाची तुलना करताच येईना. दोघीही म्हणाल्या, बरंच झालं.

एलुआ त्या घरात शेवटपर्यंत राहिला. म्हणजे तिच्या शेवटापर्यंत. एका फेब्रुवारीत अल्फेना आजारी पडली म्हणून झेली चार दिवसांसाठी पलीकडे निघाली. थोरली बरी झाली. धाकटी मात्र तिथंच, आईच्या गावात, झोपेतच गेली. एलुआला ते पाद्रीबाबांनी सांगितलं. तेव्हाही त्याच्या मनात पहिल्यांदा आली ती गाडी, की आता ती कोण मागे घेऊन आणणार. पण ती तिने तिथंही सरळ पुढं निघता येईल अशीच लावून ठेवली होती.

निघाली त्या सकाळी ती कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात उभी होती. एका हातात लोणच्याची बरणी होती. बहिणीच्या तोंडाला चव नव्हती. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. एलुआ तिला सांभाळून जा म्हणणार होता, पण ते जरा जास्तच वाटलं. म्हणून तो नेहमीचंच म्हणाला. सकाळची वेळ होती तरी.

“पाणी घेऊ का, मादाम?”

“घ्या की,” ती बूट चढवत म्हणाली. “ते तापलेलंच असतं.”